पोरीला भुईवर घेऊ नका!

"एपिलेप्सी आहे," असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो होतो. फौजेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला वाईट बातमी ताठ बसूनच ऐकायची सवय असते. एपिलेप्सी म्हणजे अपस्मार, आमच्या बोलण्यात फिट. मेंदूतल्या विजेच्या लहरी मधेच बिघडतात, माणूस पडतो, झटके येतात, पण गोळ्या नेमानं घेतल्या तर पुष्कळांचं छान चालतं, असं ते समजावून सांगत होते. माझी बायको मंगल पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती आमची लेक अश्विनी, वय वीस, तिनं एकच प्रश्न विचारला.

"सर, मग माझी भरती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोलीस भरती ना? फिटचं निदान असलं की अवघड आहे, बाळा. आणि सध्या पळणं बंदच ठेवायचं."

ते निदान चुकीचं होतं. ते चुकायला डॉक्टरांपेक्षा मीच जास्त कारण झालो, म्हणून हे लिहायला बसलोय. तुमच्या घरात कुणी उभ्या उभ्या पडत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. मी काही शिकलेला माणूस नाही, फौजेत गाडीवर ड्रायव्हर होतो आणि हवालदार म्हणून घरी आलो. मला जे समजलं ते कुणालाही समजेल.

आमचं गाव औंधच्या अलीकडं. अश्विनीला पोलीस व्हायचं वेड बारावीपासूनचं. रोज पहाटे आम्ही दोघं माळावर जायचो. ती आठशे मीटर पळायची, मी गळ्यात शिट्टी अडकवून घड्याळ धरायचो. पळून आली की मी तिला सावधानमधे उभी करायचो, अगदी स्थिर. हलायचं नाही, वाकायचं नाही, धाप आवरायला शिकायचं. हे माझं स्वतःचं शास्त्र होतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुढं कळलं, ते पुस्तकात का नव्हतं ते.

उन्हाळ्यात एकदा ती तशीच सावधान उभी असताना पांढरीफटक पडली आणि माझ्या अंगावर कलंडली. मी तिला काखेत धरून सावरलं. जरा वेळानं डोळे उघडले. घरी आल्यावर मंगलनं माझाच उद्धार केला, "उपाशी पोटी पोरीला पळवताय, दुसरं काय हुणार?" विषय तिथंच संपला.

दुसऱ्यांदा पडली ती स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला. शाळेच्या मैदानात गाव जमलेलं. माजी सैनिक म्हणून मी पुढच्या रांगेत, अश्विनी मागं भरतीच्या पोरींबरोबर. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं आणि सरपंचांचं भाषण सुरू झालं. आमच्या सरपंचांना भाषण सुरू करता येतं, बंद करता येत नाही. ऊन चढलं. मागं गलका झाला म्हणून वळून पाहिलं तर पोरगी गुडघ्यातून खाली चाललेली.

मी धावलो आणि ती जमिनीला टेकायच्या आत मागून दोन्ही काखेत हात घालून तिला धरलं. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात माझी चुलती, सोनाकाकी, ओरडली. काकी ऐंशीच्या घरातली. आईमागं तिनंच मला वाढवलं, त्यामुळं आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा.

"पोरीला भुईवर घेऊ नगा! आरं हणमा, उभी धर तिला! जित्या माणसाला कुणी भुईवर घेतं व्हय रं?"

आमच्याकडं माणसाचा जीव जायची वेळ आली की त्याला खाटेवरून खाली भुईवर घेतात. "त्यास्नी खाली घेतलं" असं म्हटलं की पाहुण्यांना फोन करायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळं चक्कर येऊन पडलेल्याला आम्ही कधी जमिनीवर झोपवत नाही. खुर्चीत बसवतो, भिंतीला टेकवतो, नाहीतर चौघं मिळून उभं धरतो. ते अशुभ तरी वाटत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी चप्पल नाकाला लावली, कुणी कांदा फोडून आणला, एकानं पोषण आहाराच्या भांड्यातला चमचा दातात घालायचा प्रयत्न केला. मी तिला घट्ट उभीच धरलेली. मान लोंबकळत होती, डोळे वर गेले होते, तोंडाचा रंग राखेसारखा. आणि तिचे हातपाय झटकायला लागले. "फिट आली, फिट आली," असं गावभर झालं. एक पठ्ठ्या मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याला मी नंतर जे काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

शेवटी जीप आली. मागच्या सीटवर तिला आडवी टाकली, कारण बसवली की ती घसरत होती. जीप शाळेच्या फाटकातून बाहेर पडते न पडते तोच अश्विनीनं डोळे उघडले आणि विचारलं, "पप्पा, भाषण संपलं का?" हे मी डोळ्यांनी बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

साताऱ्यात तपासण्या झाल्या. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या लहरींचा आलेख काढतात. त्यात थोडंसं शंकास्पद आहे म्हणाले. एमआरआय, म्हणजे नळकांड्यात झोपवून मेंदूचे फोटो. ते चांगले आले. डॉक्टरांनी विचारलं, झटके आले का? आम्ही सांगितलं, आले. दातखीळ बसली का? बसली. किती वेळ? मंगल म्हणाली, "लय येळ, डॉक्टरसाहेब." आपलं माणूस तसं झटकत असतं तेव्हा मिनिटाचा तास होतो. तिला उभी धरली होती, हे आम्ही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आम्ही दिलेल्या माहितीवर डॉक्टरांनी निदान केलं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या ज्याला लागतात त्याच्यासाठी अमृत असतील, पण इथं रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत. अश्विनी दिवसभर पेंगायची. बोललं की खेकसायची, नाहीतर रडायची. पळायचे बूट तिनं धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. बूट धुतले त्या दिवशी ती न्हाणीत बराच वेळ होती आणि पाणी सोडून ठेवलं होतं. रडल्याचा आवाज येऊ नये म्हणून असणार. मी बाहेर उभा होतो. लढाईत माणूस काहीतरी करतो, मला करायला काही नव्हतं.

दोन महिन्यांनी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तिचं रक्त घ्यायचं होतं. स्टुलावर बसलेली, सुई लागली आणि पोरगी पुन्हा पांढरी. मी सवयीनं हात पुढं केले. पण तिथल्या सिस्टर चपळ. मला कोपरानं बाजूला सारून त्यांनी अश्विनीला सरळ फरशीवर आडवी केली आणि तिचे पाय उचलून स्टुलावर ठेवले. मी म्हणालो, "आवं सिस्टर, खाली नको!" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी पुढचं काही बोलायच्या आत पोरीनं डोळे उघडले. झटका नाही, दातखीळ नाही.

"हिला फिटच्या गोळ्या कोण देतंय?" सिस्टरनी विचारलं. मी फाइल दाखवली. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर न्हाई, गोळ्या बंद करा म्हणणार न्हाई. पण मिरजेला मेंदूच्या डॉक्टरास्नी एकदा दाखवा. आन् आज काय झालं ते जसंच्या तसं सांगा."

मिरजेच्या त्या दवाखान्यात सकाळी आठला नंबर लावला, आत जायला दुपार झाली. शेजारी जतकडचं एक जोडपं बसलं होतं, आपसात कन्नड बोलणारं. बाईंनी डब्यातली शेंगाची पोळी अश्विनीपुढं धरली आणि म्हणाल्या, "खा गं, दवाखान्यात उपाशी बसायचं न्हाई." ती पोळी खाताना अश्विनी कित्येक दिवसांनी हसली.

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि थेट अश्विनीशी बोलायला सुरुवात केली. पडायच्या आधी काय होतं?

"आधी जांभया येत्यात. मग घाम फुटतो, मळमळतंय. कानात गुंई करतं आन् कडेकडेनं काळं होत येतं."

झोपेत किंवा अंथरुणात पडून असताना कधी झालंय? नाही. जीभ चावली गेली, कपड्यात लघवी झाली? नाही. पळता पळता पडलीस की थांबल्यावर? थांबल्यावर. हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. पळताना मधेच पडणं हे हृदयाच्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं, म्हणून.

"थांबल्यावर काय करतेस?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. "पप्पा सावधानमधे उभं करत्यात."

डॉक्टरांनीही माझ्याकडं बघितलं. त्यांनी विचारलं, कुणी व्हिडिओ काढलाय का? आणि माझ्या पोरीनं पर्समधून मोबाइल काढला. झेंडावंदनाचा तो व्हिडिओ तिच्याकडं होता. मी त्या पठ्ठ्याला शिव्या घालत होतो तेव्हा तिनं तो त्याच्याकडून मागून घेतला होता आणि घरी एकटीनं कितीतरी वेळा पाहिला होता. हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी तो तीनदा बघितला. मग एका जागी थांबवून स्क्रीन माझ्यापुढं धरली. "हे मागून धरून उभे आहेत ते कोण?"

"मीच हाय त्यो."

"बरं. आता नीट बघा. ही खाली चालली आहे, अंग सैल आहे, झटका नाही. इथे तुम्ही धरलंत. अजून झटका नाही. आता बघा, तुम्ही उभं धरून ठेवलंय आणि आता सुरू झाले." त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "हवालदार, शरीर स्वतःवर इलाज करायला खाली चाललं होतं आणि तुम्ही त्याला वर ओढून धरलंत."

मला आधी काही समजलं नाही. मग त्यांनी एका जुन्या रिपोर्टच्या पाठीवर लहान मूल काढतं तसा माणूस काढला आणि समजावून सांगितलं. तो कागद मी मागून आणला. आज तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

शरीरात दोन कारभार चालतात, त्या म्हणाल्या. एक आपल्या हुकमानं चालतो: हात उचल, पाय टाक. दुसरा आपल्याला न विचारता चालतो: हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पोटातलं पचन, डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं, लघवीची पिशवी. हा दुसरा कारभार बघते ती ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम, मराठीत स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या मुख्य बाजू दोन. पहिली सिंपथेटिक. तिच्या नसा पाठीच्या कण्यातून, छाती आणि कमरेच्या भागातून निघतात आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या गाठींची एक एक माळ असते. अंगावर कुत्रं धावून आलं की ही बाजू जोर धरते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बाहुल्या मोठ्या होतात, पचन थांबून राहतं. दुसरी पॅरासिंपथेटिक. तिच्या नसा वर मेंदूच्या देठातून आणि खाली कण्याच्या शेवटाकडून निघतात. जेवून निवांत बसलो की हिचं राज्य. लाळ सुटते, पोट कामाला लागतं, ठोके मंदावतात. हिची सगळ्यात मोठी नस व्हेगस. ती मेंदूच्या देठातून निघते, मानेतून उतरते आणि हृदयाला, फुप्फुसांना फांद्या देत पोटापर्यंत जाते.

माझ्यातला ड्रायव्हर जागा झाला. "म्हंजे एक ॲक्सिलरेटर आन् एक ब्रेक."

"जवळजवळ. फक्त इथे दोन्ही सतत थोडे थोडे दाबलेलेच असतात. गरज पडेल तसा एक कमी, एक जास्त."

असली गाडी मी चालवली नव्हती. पण खंबाटकीच्या चढाला भरलेली गाडी उभी करून पुन्हा उचलायची म्हणजे हँडब्रेक आणि रेस दोन्ही एकदम सांभाळावे लागतात, नाहीतर गाडी मागं येते. तेवढ्यावरून मला अंदाज आला.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडं उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी ठिकाणं असतात. ती मेंदूच्या देठाला कळवतात की दाब कमी झाला. लगेच सिंपथेटिक बाजू रक्तवाहिन्या आवळते, ठोके वाढवते आणि रक्त डोक्याला पोचत राहतं. खाटेवरून उठताना रोज हे होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. काही माणसांत मात्र ऊन, उपास, खूप वेळ उभं राहणं, रक्त बघणं, सुई, भीती, अगदी मोठा आनंदसुद्धा, अशा वेळी उलटा हुकूम सुटतो. व्हेगस ठोके मंद करते, रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो. मेंदूला रक्त कमी पडलं की शुद्ध जाते आणि माणूस पडतो. याला म्हणायचं व्हेसोव्हेगल सिंकोपी. साधी भोवळ.

"पडला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि रक्त आपोआप पोचतं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून आडवं करायचं, पाय वर घ्यायचे. उभं धरून ठेवलं तर मेंदू उपाशीच राहतो आणि मग हातपाय झटकतात. ते फिटसारखं दिसतं, पण फिट नसते."

आणि माझं सावधान? पळताना पायाचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलत असतात. पळून आलेल्याला एकदम ताठ उभं केलं की तो पंप बंद. म्हणजे मी रोज पहाटे शिट्टी वाजवून पोरीच्या डोक्याचं रक्त तोडत होतो.

परेडवर उन्हात उभ्याउभ्या कोसळलेले जवान मी डझनावारी बघितले होते. बघितले म्हणजे धपकन आवाज ऐकला होता. पडलेल्याकडं मान वळवायची नाही, हा कायदा. त्याला मागं नेऊन काय करायचे, हे अठरा वर्षांत मी कधी पाहिलं नाही, विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासण्या. ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाचा आलेख आणि हृदयाची सोनोग्राफी. दोन्ही चांगले आले. मग राहिली टिल्ट टेबल टेस्ट. पेशंटला टेबलावर झोपवतात, पट्टे बांधतात, अंगाला तारा लावतात आणि ते टेबल डोक्याकडून वर उचलून त्याला जवळजवळ उभं करतात. मग नुसती वाट बघायची. मला दारातल्या काचेतून बघायची परवानगी मिळाली, हात न लावायच्या अटीवर.

बराच वेळ काही झालं नाही. अश्विनी मधेच माझ्याकडं बघून भुवई उडवायची. मला वाटलं, ही पडली नाही तर? पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा तेच "अवघड आहे". बाप होऊन मी काचेला नाक लावून देवीला म्हणत होतो, आई यमाई, पोरगी पडू दे. मग त्यांनी तिच्या जिभेखाली एक गोळी ठेवली. ती दाब थोडा उतरवून पाहण्यासाठी असते. पाचेक मिनिटांत अश्विनीनं जांभई दिली. पुन्हा दिली. कपाळावर घाम चमकला. पडद्यावर ठोक्यांचा आकडा घसरायला लागला, तिची मान एका बाजूला गेली आणि एका हाताला झटका आला. माझे हात आपोआप काचेवर गेले. आतल्या माणसानं शांतपणे बटण दाबलं, टेबल आडवं झालं आणि मी श्वास सोडायच्या आत पोरगी "झालं का?" म्हणत डोळे चोळत होती.

डॉक्टर बाहेर आल्या. "फिट नाही. हीच ती भोवळ. ईईजीत जे थोडं दिसतं ते कित्येक धडधाकट माणसांतही दिसतं. गोळ्या मी सांगते तशा हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद नाही. पळायला हरकत नाही. कागद मी लिहून देते."

मी व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडलो. पोरगी बेशुद्ध पडली म्हणून आनंदानं रडणारा बाप त्या दवाखान्यात दुसरा नसेल. मंगलनं पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "आता तुमी नका पडू."

घरी आलो तर काकी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घरातल्या सगळ्यांना शिकवा. मी काकीला समजावलं, कागदावरचा माणूस दाखवला, व्हेगससुद्धा दाखवली. काकी सगळं ऐकून म्हणाली, "तुजी ती नस खरी आसंल. पर माज्या डोळ्यादेखत पोर भुईवर न्हाई." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी काकी स्वतःची घोंगडी काखेत घेऊन आली. "ही हातर खाली. घोंगडीवर निजिवलं म्हंजी भुईवर घेतलं न्हवं. झालं?" मी म्हणालो, झालं. घोंगडीनं रक्तदाबाला काही फरक पडत नाही, हे डॉक्टरांना विचारायची मला गरज वाटली नाही.

मग घरात तालीम झाली. अश्विनी घोंगडीवर आडवी, तिचे पाय माझ्या खांद्यावर. पाय द्यायला ती तयार होईना. "पप्पा, तुमाला पाय कसं लावू?" मी म्हणालो, "आगं, घेतलंच हायत खांद्यावर लहानपणी जत्रंत." तेव्हा कुठं दिले. काकीनं तोंड फिरवून घेतलं, पण उठून गेली नाही.

जे आम्हाला उपयोगी पडलं ते सांगतो. पाणी भरपूर प्यायचं. मीठ थोडं वाढवायला सांगितलं, पण ते तिच्यापुरतं. ब्लडप्रेशरच्या माणसानं ऐकून करू नये. उपाशी उन्हात उभं राहायचं नाही. पळून झालं की थांबायचं नाही, चालत राहायचं. जांभई, घाम, कानात गुंई अशी चाहूल लागली की पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि मुठी आवळायच्या, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. तेवढ्यानं भागलं नाही तर लाज न बाळगता आडवं व्हायचं. चप्पल, कांदा, चमचा काही नको. आणि पुन्हा सांगतो, निदान डॉक्टरनंच करायचं. खरी फिट असलेल्यानं हे वाचून गोळ्या सोडल्या तर ते पाप माझ्या माथी येईल.

गोळ्या उतरत गेल्या तशी अश्विनीची झोप उतरली. खेकसणं गेलं, पण तो थोडा स्वभावही आहे. डॉक्टरांनी होकार दिल्यावर पळणं सुरू झालं. शिट्टी माझ्याकडंच राहिली, सावधान मात्र बंद. थंडीत एकदा तिला चाहूल लागली. ती आपली आपण माळावर पाठ टेकून पडली आणि पाय दगडावर ठेवले. मी दहा पावलांवर हात मागं बांधून उभा राहिलो. पोर पडलेली असताना काही न करणं किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ती उठली, कपडे झटकले आणि आम्ही घरी आलो.

भरती निघाली. मैदान झालं, लेखी झाली, यादीत नाव आलं. राहिली वैद्यकीय तपासणी, सांगलीच्या सरकारी दवाखान्यात. अश्विनीनं ठरवलं होतं, काही लपवायचं नाही. सातारची फाइल, मिरजेचा कागद, सगळं घेऊन गेली. मी फाटकाबाहेर. सकाळी नऊपासून उभा. मंगलनं भाकरी बांधून दिली होती, ती तशीच पिशवीत. पाणी प्यायचंही सुचलं नाही. जो आला तो आत काय विचारतात ते सांगत होता, आणि मी ज्याचं त्याचं ऐकत होतो. ऊन डोक्यावर आलं.

दोनच्या सुमाराला ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"त्यांनी इचारलं, फिट येते का. मी सगळं सांगितलं. कागद वाचला, दुसऱ्या डॉक्टरास्नी दाखवला, मला उठबस करायला लावली." तिनं फाइल काखेत मारली. "पप्पा, फिट न्हाई आन् मी फिट हाय, आसं लिवलंय त्यांनी. झाले मी!"

मला एवढंच आठवतं की मी जांभई दिली. अशा वेळी जांभई कशी काय आली, असं मनात आलं. मग घाम फुटला, कानात गुंई करायला लागलं आणि रस्ता कडेकडेनं काळा होत आला.

डोळे उघडले तेव्हा मी रस्त्याकडेच्या धुळीत उताणा होतो, वर निळं आभाळ आणि भोवती माणसांचं रिंगण. माझे दोन्ही पाय माझ्या लेकीच्या खांद्यावर. कुणी म्हणत होतं पाणी पाजा, कुणी म्हणत होतं रिक्षा बोलवा. एका धिप्पाड गड्यानं माझ्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "उचला रं, उचला, बापय माणसाला आसं मातीत टाकत्यात व्हय?"

"हात काढा!" अश्विनी एवढ्या जोरात ओरडली की फाटकावरचा शिपाईसुद्धा सरळ झाला. "मागं सरा समद्यांनी! कुणी हात लावायचा न्हाई!"

रिंगण चार पावलं मागं हटलं. त्या गड्यानंही हात काढला. मी आडवाच राहिलो, कारण हुकूम तसा होता.